ट्रॅक बंद पडला तर काय उरतं? पॉप, हेवी मेटल आणि मंचावरचं कौशल्य

रंगभवनी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

कोल्डप्लेच्या धाग्यावर वाद भलतीकडेच गेला, म्हणून हा वेगळा धागा काढतोय. तिथे एकाने लिहिलं, "पॉपवाले नुसते ओठ हलवतात, खरे वादक मेटलमध्येच." त्यावर दुसऱ्याने, "मेटल म्हणजे आरडाओरडा, त्याला कसलं आलंय कौशल्य?" मी दोन्ही प्रकार कॉलेजपासून मनापासून ऐकत आलोय आणि दोन्ही वाक्यं वाचून मला वाईट वाटलं.

माझं म्हणणं आधीच सांगतो. सगळं सुरळीत पार पडलेल्या कार्यक्रमावरून कलाकार मंचावर किती पक्का आहे ते पुरतं कळत नाही. ध्वनी, दिवे, पडदे, मागून चालणारा ट्रॅक म्हणजे आधीच ध्वनिमुद्रित केलेलं संगीत, सगळं जागच्या जागी असलं की बेताचा गायकही झकास वाटतो. कस लागतो तो काहीतरी बिघडल्यावर.

१९८९च्या जुलैत अमेरिकेत कनेटिकटमध्ये मिली व्हॅनिली या पॉप जोडीचा कार्यक्रम चालू होता. मागचा ट्रॅक अडकला आणि एकच अर्धी ओळ पुन्हा पुन्हा वाजू लागली. दोघांपैकी एक जण थोडा वेळ नाचत राहिला आणि मग मंचावरून पळून गेला. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये उघड झालं की ध्वनिमुद्रिकेवरचा आवाजही त्या दोघांचा नव्हता, आणि त्यांचं ग्रॅमी काढून घेतलं गेलं.

आता दुसरं उदाहरण. ६ जून २००४, इंग्लंडमधलं डोनिंग्टन, डाउनलोड महोत्सव. मेटालिका हा मेटल बँड शेवटी वाजवणार आणि ड्रमर लार्स उलरिक आजारी पडून रुग्णालयात. बँडने त्याच महोत्सवात आलेल्या ड्रमरना विचारलं. स्लेयरच्या डेव्ह लोम्बार्डोने पहिली दोन गाणी वाजवली, स्लिपनॉटच्या जोई जॉर्डिसनने बाकीची बहुतेक, आणि एक गाणं लार्सच्याच ड्रम टेक्निशियनने. सरावाला वेळ नव्हताच. ते रेकॉर्डिंग ऐका. काही जागा डळमळतात, पण गाणं कुठे तुटत नाही. माझ्या मते त्या संध्याकाळी मेटालिका काय ताकदीचा बँड आहे ते त्यांच्या अनेक निर्दोष कार्यक्रमांपेक्षा जास्त दिसलं.

हे वाचून मेटलवाल्यांनी लगेच विजय साजरा करू नये. २०१६च्या ग्रॅमी सोहळ्यात पॉप गायिका अ‍ॅडेल गात असताना पियानोतले माइक तारांवर पडले. भलतेच आवाज येऊ लागले आणि ती गात राहिली. २०१७च्या सोहळ्यात जॉर्ज मायकेलला श्रद्धांजली वाहताना तिला सुरुवात मनासारखी लागली नाही. जगभर थेट प्रक्षेपण चालू असताना तिने वाद्यवृंद थांबवला आणि पहिल्यापासून गायली. हे धैर्य ज्याला आपल्या गळ्याची खात्री आहे त्यालाच जमतं. आणि उलट बाजूला, सप्टेंबर २०२२मध्ये फॉलिंग इन रिव्हर्स या मेटलकोरच्या (मेटलचाच एक प्रकार) अंगाने जाणाऱ्या बँडने इलिनॉयमधला कार्यक्रम रद्द केला, कारण त्यांचे लॅपटॉप वेळेवर पोचले नाहीत. गिटार होत्या, ड्रम होते, गायक होता. लॅपटॉप नव्हते, म्हणून कार्यक्रम नाही.

तेव्हा पॉप की मेटल ही फाळणी मला पटत नाही. पण दोन्हीकडची मेहनत वेगळ्या जातीची आहे, आणि ती नेमकी काय असते यावर जाणकारांनी लिहावं म्हणून हा प्रपंच. इथे वाजवणारे, गाणारे, साउंडवाले आहेत हे ठाऊक आहे.

---

डबलबास

उत्तम धागा. ड्रमर आहे, त्यामुळे पायांबद्दल लिहितो.

२००च्या टेम्पोला, म्हणजे मिनिटाला २०० मात्रांना, डबल बासवर (दोन पायांनी वाजवायचा बास ड्रम) सोळांश, म्हणजे मात्रेला चार ठोके, वाजवायचे म्हणजे मिनिटाला ८०० ठोके. सेकंदाला तेरापेक्षा जास्त. हे दोन पायांनी, आणि वर दोन्ही हात वेगळंच काहीतरी करत असतात. एका गाण्यात नाही, तास-दीड तास. मांडीच्या जोरावर हे होत नाही, घोट्यातून येतं, आणि घोटा सैल राहायला वर्षं जातात. घाई केली की पोटरी दगडासारखी होते आणि तिसऱ्या गाण्यात पाय बंद.

आता ज्यावर कायम भांडणं होतात ते ट्रिगर. बास ड्रमवर सेन्सर लावतात, ठोका पडला की आधीच नोंदवलेला आवाज वाजतो. बाहेरचे लोक म्हणतात ही फसवणूक. तर ट्रिगर आवाजाचा दर्जा आणि जोर सारखा करतो, ठोका कधी पडावा ते ठरवत नाही. पाय मागे पडला तर ट्रिगर ते मागे पडणं आणखी स्वच्छ ऐकवतो. कच्च्या ड्रमरने ट्रिगर लावला तर त्याची पोल जास्त लवकर उघडते. पण हेही मान्य की हलक्या ठोक्यालाही पूर्ण जोर मिळतो, म्हणजे ताकदीचं अर्धं काम यंत्र करतं. ज्यांनी ऐंशीच्या दशकात ट्रिगरशिवाय हे वाजवलं त्यांच्याबद्दल म्हणूनच मला जास्त आदर आहे. १९८६चा स्लेयरचा अल्बम अर्ध्या तासाच्या आत संपतो, पण तो एका दमात वाजवून दाखवा.

आणि गिटारवाल्यांचा उजवा हात विसरू नका. मेटालिकाचा हेटफिल्ड दोनशेच्या वरच्या टेम्पोला सगळे फटके खालीच मारतो, वर-खाली नाही. सेकंदाला सात. वर-खाली मारले तर निम्मी मेहनत, पण तो कोरडा, एकसारखा आवाज येत नाही. आणि हे करताना तो गातो, तेही ठेक्यापासून सुटं. तबला वाजवत गाऊन बघा म्हणजे कळेल.

---

मंजिरी_सा

रंगभवनी, विषय छान मांडलात. मी गाणं शिकवते आणि काही वर्षं नृत्यही केलं आहे, म्हणून पॉपच्या बाजूने थोडं विस्ताराने लिहिते. या बाजूची मेहनत डोळ्यांना दिसते पण कानांना कळत नाही.

गाणाऱ्याला श्वास पटकन घेऊन हळूहळू सोडायचा असतो. नाचणाऱ्याच्या शरीराला श्वास भरभर हवा असतो. या दोन गरजा एकमेकींच्या थेट विरुद्ध आहेत. नाडी दीडशेच्या पुढे गेली की लांब ओळ सुरात धरणं चांगल्या तयारीच्या गळ्यालाही जड जातं. सूर खाली उतरतो, शब्दांची टोकं कापली जातात, आणि कानावरून गालाशी आलेला माइक तो धापेचा आवाजही टिपतो. आपल्याकडे बैठकीच्या लावणीत गाणारीच अदा करते, पण ती बसून. फडावर पायांत चाळ बांधून नाचायचं झालं की गाण्याचा बराच भार मागे उभ्या असलेल्यांवर जातो. आपल्या लोकांनी हा प्रश्न कामाची वाटणी करून सोडवला. पाश्चात्त्य पॉपने एकाच कलाकाराकडून दोन्हींची अपेक्षा ठेवली, आणि तिथून ट्रॅकची गरज वाढत गेली.

१९८३मध्ये मायकल जॅक्सनने मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या कार्यक्रमात पहिल्यांदा मूनवॉक केला. त्या गाण्याला आवाज ध्वनिमुद्रित होता. त्याच कार्यक्रमात त्याआधी भावांबरोबर तो प्रत्यक्ष गायला होता. म्हणजे गाता येत नव्हतं असं नाही. त्या चार-पाच मिनिटांत त्याला लोकांना शरीर दाखवायचं होतं, आणि ते त्याने असं दाखवलं की आजही शिकणारी मुलं ती चित्रफीत थांबवून थांबवून पाहतात. याला कौशल्य नाही म्हणणं मला शक्य नाही.

पिंक तर दोरांवर हवेत उलटी फिरत गाते. टेलर स्विफ्टने २०२३-२४चे १४९ कार्यक्रम केले, प्रत्येक तीन तासांहून मोठा. त्याच्या तयारीसाठी ती ट्रेडमिलवर धावत सगळी गाणी मोठ्याने म्हणत असे. वेगवान गाण्याला धावायचं, संथ गाण्याला चालायचं. दमसास वाढवायचा यापेक्षा सरळ रियाज मी ऐकलेला नाही. मी माझ्या विद्यार्थिनींना आता जिना चढत पलटे म्हणायला लावते आणि दोन महिन्यांत फरक दिसतो.

---

कोथरूडकर

मंजिरीताई, आदर आहे. पण मग "नृत्याचा कार्यक्रम" असं जाहीर करा. माझा आक्षेप नाचाला नाही. लोक गाणं ऐकायला पैसे मोजतात आणि त्यांना टेप ऐकवली जाते, याला आहे.

मे २०१७मध्ये नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियमवर जस्टिन बीबरचा कार्यक्रम झाला. काही मोजकी गाणी सोडली तर बाकी वेळ ट्रॅक चालू होता, अशी टीका तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत झाली. तिकिटं हजारोंच्या घरात होती. हे कसं चालतं?

मेटलचा श्रोता हे खपवून घेत नाही, आणि माझ्या मते मूळ फरक श्रोत्यात आहे. मेटल ऐकणारा पोरगा बहुतेक वेळा स्वतः काहीतरी वाजवत असतो. त्याला सोलोतला प्रत्येक सूर पाठ असतो. मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात आयर्न मेडनची गाणी वाजवणाऱ्या बँडचा सोलो घसरला तर पहिल्या रांगेतली पोरं तिथल्या तिथे ओरडायची. अशा श्रोत्यासमोर उभं राहायचं तर हात बसलेला असावाच लागतो.

१ फेब्रुवारी २००८ला आयर्न मेडनने जगाचा दौरा मुंबईतून सुरू केला, वांद्रे-कुर्ला संकुलात. त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः वैमानिक, बँडला घेऊन येणारं बोइंग ७५७ तोच चालवायचा. पन्नाशीला आलेला माणूस मंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत, उड्या मारत पूर्ण वेळ गायला. मी तिथे होतो. मंजिरीताई म्हणतात ती नाडी त्याचीही वाढली असणारच. आणि इतर बरेच बँड वय झालं की वाद्यांची पट्टी उतरवतात, मेडन अजून मूळ पट्टीतच वाजवतात.

१९८६ साली जर्मन टीव्हीने त्यांना टेपवर नुसता अभिनय करायला लावला, तर या मंडळींनी वाद्यांची अदलाबदल केली आणि सगळ्यांना दिसेल अशा प्रकारे ते नाटक उघडं पाडलं. ही वृत्ती पॉपमध्ये दाखवा.

---

पार्लेकर_मीनल

+१ मंजिरी. ट्रेडमिलचं माहीत नव्हतं, मस्तच.

---

टोरांटोतला_विनू

कोथरूडकर, वृत्तीचं म्हणाल तर मधला एक रस्ता क्वीन या रॉक बँडने दाखवलाय. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला, तेव्हा थोडा आपलाही.

१९७५च्या त्यांच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' या प्रसिद्ध लांबलचक गाण्यात मधे ऑपेराचा भाग आहे. स्टुडिओत आवाजांचे थरावर थर चढवून केलेला. चार माणसांना ते मंचावर गाणं अशक्य होतं. सुरुवातीला ते गाण्याचे तुकडे करून वाजवायचे. पुढे त्यांनी काय केलं? तो भाग आला की चौघे मंच सोडून आत जायचे, टेप वाजायची, दिवे फिरायचे, आणि रॉकचा भाग सुरू झाला की सगळे परत बाहेर. कुणी माइकसमोर उभं राहून तोंड हलवलं नाही. टेप आहे हे लपवलं नाही, त्यामुळे कुणाला फसवल्यासारखं वाटलं नाही.

फ्रेडी ध्वनिमुद्रिकेवरचे बरेच उंच सूर मंचावर घेत नसे, चाल खाली वळवायचा. १९८५च्या लाइव्ह एड या मदतनिधीच्या कार्यक्रमातली ती वीस-एकवीस मिनिटं काढून ऐका, तिथेही वळवलेत. तरी त्या दिवशी वेम्बलीत त्याच्यासारखं लोकांना कुणीही धरून ठेवलं नाही. मूळ सूर जसाच्या तसा लावणं ही एकच मोजपट्टी धरली तर तो नापास होतो, आणि ते मला मान्य नाही.

---

साउंडवाला_नाना

मी कन्सोलमागे आयुष्य घालवलंय. गणपतीच्या ऑर्केस्ट्रापासून मोठ्या मैदानांपर्यंत. ट्रॅक हा शब्द इथे सगळे एकाच अर्थाने वापरताहेत, तर आधी ते मोकळं करतो.

पहिला प्रकार म्हणजे ज्याला वाजवणारा मंचावर नाही असे आवाज. व्हायोलिनचा ताफा, समूहस्वर, पावसाचा आवाज, इलेक्ट्रॉनिक ठेके. हे आज पॉपइतकंच मेटलमध्येही आहे. सिम्फॉनिक मेटलचे बँड शंभर माणसांचा वाद्यवृंद बरोबर फिरवू शकत नाहीत, तो ट्रॅकवरच असतो. ड्रमरच्या कानात क्लिक (लयीची टकटक) चालू असते आणि त्याला त्या क्लिकवरून हलता येत नाही.

दुसरा प्रकार, गायकाच्या आवाजाखाली त्याचाच ध्वनिमुद्रित आवाज ठेवायचा. गायक खरंच गातोय, पण कोरसला भरणा यावा म्हणून खालून आधार. माझा हात त्या फेडरवर, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या सरकपट्टीवर असतो. गायक दमला की फेडर थोडा वर, सावरला की खाली. तुम्ही ज्या कार्यक्रमांना "अगदी रेकॉर्डसारखं गायला" म्हणून दाद देता त्यांतले कित्येक असे असतात.

तिसरा, पूर्ण आवाज ट्रॅकवर आणि माइक बंद. लोक चिडतात ते यावर. एका गायिकेच्या कार्यक्रमात मला साउंडचेकलाच सांगितलं गेलं की माइकचा फेडर उघडायचाच नाही. मी पैसे घेतले आणि ते काम केलं, पण पुन्हा त्या मंडळींकडे गेलो नाही.

चौथा प्रकार हल्लीचा. सूर सुधारणारं यंत्र. ऑटोट्यून १९९७ साली बाजारात आलं, आता ते थेट गाण्यावरही बसवता येतं. गायक पाव सूर हलला तरी यंत्र त्याला जागेवर आणतं. लोकांना कळत नाही, पण माझ्या कानाला त्यात मींड मेल्यासारखी वाटते.

विनूने क्वीनचं सांगितलं, मी मेडनचं सांगतो. त्यांच्या गाण्यांत कीबोर्ड आहे, मंचावर कीबोर्डवाला दिसत नाही. टेप? नाही. बास गिटार वाजवणाऱ्या स्टीव्ह हॅरिसचा टेक्निशियन मायकेल केनी कित्येक वर्षं मंचाच्या आड बसून ते प्रत्यक्ष वाजवायचा. ट्रॅक लावणं किती सोपं होतं, तरी माणूस बसवला. कारण माणूस असला की बँडला लय हवी तशी ओढता येते, गाणं दोन आवर्तनं लांबवता येतं.

---

निशिगंधा_ठाणे

सगळे प्रतिसाद वाचतेय. एक खरा प्रश्न आहे. मेटलमध्ये तो जो खोल गुरगुरण्याचा आवाज काढतात त्याला गाण्याचं कौशल्य म्हणायचं का? माझा मुलगा दिवसभर तेच करतो आणि मला त्याच्या घशाची काळजी वाटते.

---

मंजिरी_सा

निशिगंधा, काळजी रास्त आहे. चुकीच्या पद्धतीने केलं तर घसा जातोच. पण नीट शिकलेला माणूस तो आवाज मूळ स्वरतंतू घासून काढत नाही. त्यांच्या वर आणखी दोन घड्या असतात, एरवी बोलताना त्या गप्प असतात. त्यांना आणि आसपासच्या स्नायूंना कंप देऊन हा आवाज येतो, आणि खालचे तंतू बरेचसे सुरक्षित राहतात. २०२२मध्ये लोर्ना शोर बँडच्या विल रामोसने घशात कॅमेरा घालून हे आवाज काढून दाखवले. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात ती तपासणी झाली, एका ऑपेरा गायिकेने ती घडवून आणली आणि चित्रफीत सगळ्यांसाठी खुली आहे. मुलाबरोबर बसून पाहा. मी पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं की हा रीतसर रियाजाचा विषय आहे. न्यूयॉर्कच्या मेलिसा क्रॉस तर असं ओरडणं सुरक्षितपणे कसं करायचं तेच शिकवतात, २००५पासून त्यांची शिकवणी डीव्हीडीवर मिळते.

मुलाला सांगा, दुखलं की त्याच क्षणी थांबायचं. आवाज बसला तर दोन दिवस पूर्ण मौन. आणि आठवड्याहून जास्त बसलेला राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायचंच.

---

डबलबास

निशिगंधाताई, मुलाला बँड मिळाला नसेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करायला सांगा. आम्हाला गायक हवाय.

---

रंगभवनी

नानांच्या प्रतिसादाने धाग्याचं सोनं झालं.

गाणारा अचानक बदलला तर काय, याचंही एक उदाहरण द्यायचं होतं. १ ऑक्टोबर २०१२, सिएटल. अमेरिकेच्या दौऱ्याच्या मध्यावर नाइटविश या सिम्फॉनिक मेटल बँडची गायिका बँडपासून वेगळी झाली. फ्लोर यान्सेनला नेदरलँड्सहून बोलावलं गेलं. तिने दोनेक दिवसांत, तोही बराचसा विमानप्रवास, सगळी गाणी तयार केली आणि उभी राहिली. वाद्यवृंद ट्रॅकवर होता, नाना म्हणतात तसाच. पण त्या क्लिकवर चालणाऱ्या, जराही न थांबणाऱ्या ट्रॅकवर नवखी गाणी गायची म्हणजे चुकायला जागाच नाही. ट्रॅक असला म्हणजे काम सोपं झालं असं दर वेळी म्हणता येत नाही. पुढच्या वर्षी वाकेन महोत्सवातलं तिचं गाणं ऐकलंत तर सुरुवातीची ती घाई कुठल्या कुठे गेलेली दिसेल.

कोथरूडकर, तुमच्या श्रोत्याच्या मुद्द्यात तथ्य आहे. पण एक बघा. पॉपच्या मंचावर मागे वाजवणारे हात कुणाचे असतात? मायकल जॅक्सनच्या तिन्ही जागतिक दौऱ्यांत गिटारवर जेनिफर बॅटन होती, तुमच्या कुठल्याही मेटलवाल्याच्या तोडीस तोड टॅपिंग (दोन्ही हातांची बोटं तारांवर आपटून वाजवणं) करणारी. १ नोव्हेंबर १९९६ला अंधेरीच्या क्रीडा संकुलात जो कार्यक्रम झाला तो याच तिसऱ्या दौऱ्यातला. त्या दौऱ्यात जॅक्सनचा स्वतःचा आवाज बऱ्याच गाण्यांत ट्रॅकवर असे हे चाहतेही मान्य करतात, पण मागचा बँड वाजवत होता. रिहानाबरोबर एक्स्ट्रीम या रॉक बँडचा गिटारवादक नुनो बेटनकोर्ट फिरला. हे वादक अंधारात उभे असतात, पडद्यावर क्वचित दिसतात. त्यांना न मोजता पॉपला नापास करणं अन्याय आहे.

आणि एकटा माणूस बघायचा असेल तर एड शीरन. गिटार, माइक आणि पायाखालचं लूप यंत्र. गिटारच्या अंगावर थाप मारून ठेका नोंदवतो, त्यावर सुरावट, त्यावर स्वतःचेच दोन-तीन आवाज, सगळं आपल्या डोळ्यांसमोर. आधी नोंदवलेलं काही नाही. पहिली थाप लयीला जराशी चुकली तर ती चूक पूर्ण गाणंभर फिरून फिरून ऐकू येते. हे पॉपच आहे ना?

---

कोथरूडकर

शीरन मान्य. त्याला मी कधीच नावं ठेवली नाहीत.

आणि आपल्या मेटलच्या घरातलंही सांगतो, लपवण्यात अर्थ नाही. एप्रिल २०२३मध्ये मॉटली क्रू बँडचा गिटारवादक मिक मार्सने बँडवर खटला भरला, त्यात आरोप केला की बास गिटारवाला निकी सिक्स दौऱ्यात वाजवतच नव्हता, सगळा बास ध्वनिमुद्रित होता. बँडने तो साफ नाकारला. पण असा आरोप ऐकून मला जितका त्रास झाला तितका बीबरचं ऐकून झाला नाही. कारण इथे विश्वास होता.

माझा मुद्दा वयाचाही आहे. मेडनचा ड्रमर निको मॅकब्रेन. जानेवारी २०२३मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू गेली. सत्तरीतला माणूस. काही महिन्यांत तो परत ड्रमवर बसला. पूर्वीच्या काही भरगच्च जागा त्याला घेता येईनात, त्या त्याने सोप्या केल्या आणि तसं उघड सांगितलं. कुणी तिथे ट्रॅक घातला नाही. डिसेंबर २०२४मध्ये साओ पाउलोला शेवटचा कार्यक्रम करून तो दौऱ्यांतून निवृत्त झाला. ५ जुलै २०२५ला बर्मिंगहॅममध्ये ब्लॅक सॅबथ बँडचा गायक ऑझी ऑस्बर्न सिंहासनावर बसून गायला, उभं राहता येत नव्हतं. आवाज हलत होता, काही जागी फुटला. सतराच दिवसांनी तो गेला. त्या दिवशी स्टेडियममधल्या एकालाही स्वच्छ ट्रॅक चालला नसता. मला मेटलकडून हेच हवंय. आज या माणसाच्या अंगात जेवढं आहे तेवढंच ऐकवा.

---

मंजिरी_सा

कोथरूडकर, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. आपल्या संगीत रंगभूमीवर उतारवयातले गायकनट असेच उभे राहिले. लोक त्यांच्या सुराबरोबर त्यांचं आयुष्यही ऐकायला यायचे.

पण मग पॉपच्या मुलींना हा न्याय का नाही? गायिका जराशी बेसूर झाली की दुसऱ्या दिवशी फक्त तिचा आवाज वेगळा काढून जगभर फिरवतात आणि हसतात. ऑझीच्या फुटलेल्या सुराला आदर आणि हिच्या फुटलेल्या सुराला टिंगल. अशी शिक्षा असेल तर ती ट्रॅकच लावणार. २०१३च्या जानेवारीत ओबामांच्या शपथविधीत बियॉन्सेने राष्ट्रगीताला ध्वनिमुद्रित आवाज वापरला. कडाक्याची थंडी, वाद्यवृंदाबरोबर सराव नाही. केवढा गदारोळ झाला. दहा दिवसांनी पत्रकार परिषदेत ती आली, सगळ्यांना उभं राहायला सांगितलं, तेच गीत तिथल्या तिथे वाद्यांशिवाय गायली आणि मग म्हणाली, विचारा प्रश्न. गाता येत होतंच. आधी ट्रॅक घेतला तो चुकायची मुभा नव्हती म्हणून.

---

साउंडवाला_नाना

मंजिरीताईंशी शंभर टक्के सहमत. ट्रॅक मागणारे बहुतेक गायक मी घाबरलेले पाहिलेत, आळशी फार थोडे.

---

निशिगंधा_ठाणे

विल रामोसची चित्रफीत मुलाबरोबर पाहिली, त्याने मलाच समजावून सांगितलं. धन्यवाद मंजिरीताई. डबलबास, तो व्यनि करणार आहे.

नानासाहेब, आम्हा सामान्य लोकांना मैदानात उभं राहून कसं ओळखायचं की आवाज खरा आहे की ट्रॅक?

---

साउंडवाला_नाना

काही खुणा सांगतो.

माइक तोंडापासून दूर गेला की आवाज पातळ आणि बारीक व्हायला हवा. तो तसाच भरीव राहिला तर संशय घ्या. प, ब, फ ही अक्षरं माइकवर थोडी फुटतात, ट्रॅकवर ती आधीच साफ केलेली असतात. दोन ओळींच्या मधला श्वास ऐका. खूप नाचल्यावर पहिल्या ओळीआधी श्वास ऐकूच आला नाही तर तो त्या क्षणाचा आवाज नव्हे. गायकाने गाण्याच्या मधेच लोकांशी बोलायला सुरुवात केली आणि बोलण्याचा आवाज गाण्याच्या आवाजापेक्षा एकदम वेगळा, कोरडा लागला, तर गाणं दुसरीकडून येत होतं. आणि कोरसला गायकाने माइक लोकांकडे वळवला तरी त्याचा स्वतःचा आवाज चालूच राहिला, तर तो मी सांगितलेला दुसरा प्रकार. त्यात मला वावगं वाटत नाही.

मेटलच्या कार्यक्रमात गिटारवाल्याचा डावा हात आणि कानावर पडणारा सूर जुळतो का ते बघा. ड्रमरच्या झांजेकडेही बघत राहा. झांज हलताना दिसते आणि आवाज त्याच क्षणी यायला हवा. तुम्ही फार मागे उभे असाल तर मात्र आवाज उशिराच पोचतो, शंभर मीटरला सेकंदाचा जवळपास तिसरा भाग, तेव्हा लगेच आरोप करू नका.

---

कोथरूडकर

नाना, हे सगळं ओळखायची जबाबदारी प्रेक्षकावर का? माझी मागणी साधी आहे. मुख्य गायकाचा आवाज ध्वनिमुद्रित असणार असेल तर तिकीट विकतानाच छापा. ऑस्ट्रेलियात २००९मध्ये ब्रिटनी स्पीअर्सच्या दौऱ्याच्या वेळी न्यू साउथ वेल्सच्या एका मंत्र्यांनी जवळजवळ हेच मांडलं होतं. इकडे आयोजकांनी करायला काय हरकत आहे?

---

साउंडवाला_नाना

हरकत अशी की आयोजकालाच बऱ्याचदा माहीत नसतं. ट्रॅक कलाकाराच्या माणसांकडे असतात, त्यांचा संगणक आणि त्यांचा चालक बरोबर येतो. आम्हाला फक्त तयार जोडण्या मिळतात, कुठल्या तारेतून काय येणार ते साउंडचेकला कळतं आणि तोवर तिकिटं संपलेली असतात. छापायचं असेल तर कलाकाराशी करार होतो तेव्हाच ते कलम घालावं लागेल. छोट्या कार्यक्रमांत मी स्वतः हे विचारायला लागलोय: मुख्य आवाज उघडा असणार ना? दोन मंडळांनी माझ्या सांगण्यावरून ते लेखी घेतलं. नमुना हवा असेल त्यांनी व्यनि करा, पाठवतो.

---

रंगभवनी

नाना, मला पाठवा. आमच्या महोत्सवाच्या बैठकीत ठेवतो.